रिच्याड आप्पा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मुलाजवळ नाही. ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं ते आता राहिले नाहीत — मग आज बोलायला सोपं वाटतंय ते त्यामुळेच का? असेल. स्वतःला बरं ठरवायचा मला आता कंटाळा आलाय. तुम्ही ओळखीचे आहात, शेजारी येऊन टेकला आहात, असं धरून सांगतो. मधे अडखळलो तर जरा थांबा.

मी मास्तर. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, इनामगावच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात मी इतिहास आणि इंग्रजी शिकवलं. सगळी नोकरी तिथंच गेली. गावानं मला मान दिला. अजून देतं. रस्त्यानं जाताना म्हातारी माणसंसुद्धा 'या सर' म्हणून बाकावर सरकून जागा करतात. मला ते नको वाटतं — पण मी बसतो.

कुठून सुरुवात करू? राजापासूनच करतो.

इंग्लंडात पाचशे वर्षांपूर्वी एक राजा होऊन गेला, तिसरा रिचर्ड. त्याचा थोरला भाऊ राजा होता, तो अचानक वारला. मागे दोन मुलं राहिली, एक बारा वर्षांचा, दुसरा त्याहून लहान. हा चुलता त्यांचा पालक झाला आणि थोड्याच दिवसांत पोरांना बाजूला सारून स्वतः गादीवर बसला. मुलं लंडनच्या किल्ल्यात होती. आधी आवारात खेळताना दिसायची, मग क्वचित दिसू लागली, मग दिसेनाशीच झाली. कायमची. दोन वर्षांनी रिचर्ड लढाईत पडला आणि ज्याच्याशी तो लढत होता, तो गादीवर आला. त्यानंतर जे लिहिलं गेलं त्यात रिचर्ड म्हणजे कुबडा, वाकडा, पुतण्यांचा जीव घेणारा चुलता. जवळजवळ दोनशे वर्षांनी त्या किल्ल्यात एका जिन्याखाली दोन मुलांची हाडं निघाली. मग काय, लोकांना पुरावाच मिळाला.

एवढी गोष्ट पुष्कळांना माहीत असते. मला तिची दुसरी बाजूही माहीत होती. एम.ए.ला मी बाहेरून बसलो होतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की शिरूरला येऊन पुण्याची एस.टी. धरायची आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचत बसायचं. या राजावर मी वीस-बावीस पानांचं टिपण लिहिलं होतं. त्याला वाईट म्हणणारे बहुतेक सगळे त्याच्या वैऱ्याच्या राज्यात बसून लिहीत होते. खून होताना कुणी पाहिला नाही. खटला झाला नाही. ती हाडं त्याच मुलांची हेही कुणाला ठरवता आलेलं नाही. मुलं नाहीशी होण्यात वैऱ्याचाही तेवढाच फायदा होता. रिचर्डच्या एका जुन्या चित्रात खांदा नंतर कुणीतरी रंग चढवून उंच केलाय. आणि राजा पडल्याची बातमी आली तेव्हा उत्तरेकडच्या एका शहरानं, नव्या राजाची भीती न धरता, आपल्या दप्तरात लिहून ठेवलं — आमच्या चांगल्या राजाला मारलं, आम्हाला फार दुःख झालं. त्यानं मुलांना मारलंच नाही असं मी म्हणत नव्हतो. शाबीत झालेलं नाही, एवढंच म्हणत होतो. पुण्याचे सर ते टिपण वाचून म्हणाले, तुम्हाला न्यायाची चाड आहे. मी घरी येऊन ते बायकोला सांगितलं. ते मात्र सांगितलं!

आता आप्पा.

रंगनाथआप्पा आमचे उपसरपंच होते. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. कालव्याचं पाणी आलं तशी मेंढरं गेली आणि ऊस आला. थोरले भाऊ सरपंच. घरात चलती थोरल्यांची, आप्पा आपले मागे उभे. बोलणं कमी. लिहिता-वाचता येत नव्हतं, सहीपुरतं शिकले होते. लहानपणी बैलगाडीवरून पडले तेव्हा हाड बसवणाऱ्यानं वाकडंच बसवलं, त्यामुळे डावा खांदा उतरलेला. सदऱ्याची बाही नेहमी त्या बाजूनं लोंबायची. स्वतःला मूलबाळ नव्हतं. थोरल्यांची बायको काविळीनं गेली होती, तिची दोन पोरं — सुदाम आणि बाळू — आप्पांच्या बायकोच्याच हाताखाली वाढली. दोघंही माझे विद्यार्थी.

एका गळीत हंगामात थोरले पाटसच्या साखर कारखान्याला ऊस घालून मोटारसायकलवर परत येत होते. उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागला आणि जागच्या जागी गेले. आप्पा सरपंच झाले. कुणीतरी व्हायलाच हवं होतं.

थोरला भाऊ गेला, दोन पोरं मागे, चुलता खुर्चीवर. तुम्हाला दिसतंय ना? मलाही दिसलं होतं. तेव्हा मनात आलं आणि गंमत वाटली — इतकंच. त्यात वाईट हेतू नव्हता असं म्हणणार होतो, पण राहू द्या. हेतू पुढे आलाच.

दुसऱ्या पॅनेलचे पुढारी बापूसाहेब. तेच आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. आप्पांना पाडायचं तर समोर कुणी साधासुधा उभा करून भागणार नव्हतं. त्यांना सुदाम हवा होता. एकवीस पूर्ण झालेला, बापाचं तोंड, बापाचाच आवाज. त्यांची माणसं सुदामला रोज गाठायची. खुर्ची तुझ्या बापाची, चुलत्यानं बळकावली, तू नुसता फॉर्म भर, बाकी आम्ही बघतो.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी दौंडला बहिणीकडे गेलो होतो. मेहुणे कुरकुंभच्या औषधाच्या कंपनीत शिफ्टला असायचे, म्हणून बहिणीच्या सासूला गाडीत बसवून द्यायला मी स्टेशनवर गेलो. त्यांची गाडी गेली आणि मागे वळलो तर फलाटावर सुदाम आणि बाळू. एक पिशवी, एक वळकटी. मला बघून बाळू खांबाआड झाला.

"सर, आप्पाला सांगू नका इतक्यात," सुदाम म्हणाला. "सुरतंला चाललोय. मैतर हाय तिथं कापडाच्या गिरणीत."

"घरी सांगून जायचं की रे."

"सांगितलं तर आप्पा म्हनतील, तूच उभा ऱ्हा, मी मागं सरतो. ते तसंच म्हनतील सर, मला ठावं हाय. आन् मी ऱ्हायलो तर ही मानसं मला त्यांच्याच इरोधात उभं करत्यात. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. बाळ्याला मागं सोडावं तर त्यालाबी धरतील, म्हून नेतोय. जागेवर पोचलो की तुमच्या पत्त्यावर पत्र टाकतो. मंग सांगा आप्पाला."

घरी का नाही टाकत, असं मी विचारलं. तो म्हणाला, घरी वाचणार कोण? शेजारचं पोरगं वाचणार आणि तासाभरात गावभर होणार.

मी बरं म्हणालो. गाडी आली, पोरं चढली. बाळूनं खिडकीतून हात हलवला.

म्हणजे पोरं का गेली, कुठं गेली, हे गावात एकट्या मला ठाऊक होतं. चुलत्याच्या जाचानं गेली नव्हती. चुलत्यावरच्या मायेनं गेली होती.

आप्पांनी आठ दिवस शोधाशोध केली. शिरूर, दौंड, पुण्यातले नातेवाईक. पोलिसात तक्रार दिली. बायको अंथरुणाला खिळली. मी हे सगळं बघत होतो आणि मनाशी म्हणत होतो, पत्र येईल, मग सांगू. दिलेला शब्द मोडायचा कसा? शब्दाचं कारण किती सोयीचं असतं! शब्द कुणाला दिला याचा विचार करतो आपण. कुणाचं काळीज जळतंय याचा करत नाही.

महिन्याभरानं निवडणूक लागली आणि बापूसाहेबांनी मला बोलावलं. नोकरीत कायम होण्याचा माझा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर सहीसाठी तिसरं वर्ष पडून होता. त्यांनी धमकी दिली नाही. खरंच नाही दिली. चहा दिला. म्हणाले, "सर, तुम्ही इतिहासाचे. चावडीपुढं सभा हाय. एखादी गोष्ट सांगा लोकांस्नी. पुतन्यांची."

मला कळलं. त्यांनी सुचवायच्या आधीच, खरं म्हणजे, गोष्ट माझ्या डोक्यात तयार होती.

सभा संध्याकाळची. बायाबापड्या, पोरंठोरं, सगळा गाव. मी आप्पांचं नाव घेतलं नाही. इंग्लंडच्या राजाची गोष्ट सांगितली, जशी वैऱ्यांनी लिहिली तशी. भाऊ मेला. दोन कोवळी पोरं. चुलता पालक. मग पोरं दिसेनाशी झाली, कुठं गेली? मी थांबलो. मग मी म्हणालो, त्या राजाचा एक खांदा वर होता आणि एक खाली — आणि बोलता बोलता मी माझा डावा खांदा उतरवला.

आधी एकजण हसला. मग सगळी चावडी हसली.

मला त्या हसण्याची चव अजून आठवते. वर्गात इतकी वर्षं शिकवलं, पण माझ्या बोलण्यावर एवढी माणसं एका दमात कधी हलली नव्हती. शेवटी मी जिन्याखालच्या हाडांचं सांगितलं. म्हणालो, पाप लपत नाही, कितीही खोल पुरा. टाळ्या पडल्या. आणि माझ्या घरात, ट्रंकेत, ती वीस-बावीस पानं होती.

दुसऱ्या दिवशी पोरं ओरडत होती — रिच्याड! रिच्याड आला! रिचर्ड हे नाव गावाच्या जिभेवर बसेना, त्याचं रिच्याड झालं. आप्पा सायकलवरून चालले होते. आपल्याला म्हणतायत हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. उलट वळून पोरांकडे बघून हसले ते.

मग विहीर. भाषणाला चार-पाच दिवस झाले असतील. 'कितीही खोल पुरा' हे माझं वाक्य — त्यावरून कुणी काय काढलं देव जाणे, पण आप्पांच्या मळ्यातली विहीर बघा अशी बोलवा सुरू झाली. शिरूरहून दोन पोलीस आले. आप्पाच म्हणाले, बघा की, माझी काय हरकत? त्या दिवशी सकाळी शाळेत टपाल आलं. माझ्या नावाचं पाकीट, सुरतेचा शिक्का. आत मला चार ओळी आणि आप्पांसाठी वेगळी घडी घातलेला कागद.

मी तो उघडला. वाचला. आप्पा, तुमच्यावर राग न्हाई. काकीला म्हणावं रडू नको. काम लागलंय, बाळू पण कामाला लागला. निवडणूक झाली की येतो.

तेवढ्यात शिपाई सांगत आला, सर, चला, आप्पाची विहीर उपसत्यात. मी पाकीट सदऱ्याच्या खिशात घातलं आणि गेलो.

मी गेलो — आणि उभा राहिलो. हे नीट ऐका, कारण यापेक्षा वेगळ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही. विहिरीच्या काठावर दोनशे माणसं. दोन मोटारी लावून पाणी उपसत होते. आप्पांची बायको अंथरुणावरून उठून आली होती, बांधावर बसून विहिरीकडे बघत होती — कारण तिलाही आता वाटायला लागलं होतं की आत काहीतरी निघेल. आणि पोरं खुशाल असल्याचं पत्र माझ्या खिशात होतं. दहा पावलं चालायची होती. मी चाललो नाही. लोक विचारतील, पत्र सरांच्या पत्त्यावर कसं? मग दौंडचा फलाट निघेल. मग चावडीपुढं बोललास ते काय होतं, हे निघेल. आणि प्रस्ताव टेबलावर होताच.

तळाच्या गाळात एक हाड निघालं. लांब, काळं पडलेलं. गर्दी एकदम मागे सरली. आप्पा पुढं झाले, हातात घेऊन फिरवून बघितलं.

"वासराचं हाय," ते म्हणाले. "मानसाचं असं नसतंय. मानसाची लई बघितल्यात मी."

खरंच बघितली होती. तरुणपणी इनामगावला पुण्याची माणसं उत्खननाला यायची, तेव्हा आप्पा तिथं मजुरीला होते. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडं त्यांनी कुंच्यानं माती झाडून काढली होती. मला हे माहीत होतं. पुष्कळांना माहीत होतं. तरी गर्दीतून कुणीतरी म्हणालं, ह्याला बरं मानसाची हाडं वळखू येत्यात! आणि तेवढंच गावभर गेलं. हाड वासराचंच निघालं. ते गावभर गेलं नाही.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत आप्पा शाळेत आले. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार, हात उगारणार. तसं झालं असतं तर — नको, ते राहू द्या. ते व्हरांड्यात पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सर, त्यो रिच्याड कोन व्हता?"

मी सांगितलं, इंग्लंडचा राजा होता.

"त्यानं खरंच मारली का पोरं?"

वाद आहे आप्पा, शाबीत नाही — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "इतिहासात तसंच आहे."

"पर लिवलं कुनी?"

सही करताना हात थरथरणारा माणूस. त्यानं जो प्रश्न विचारला तो मला पुण्यात दोन वर्षं वाचल्यावर पडला होता. मी म्हणालो, "मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय."

त्यांनी गुडघ्यावरची टोपी झटकली आणि मैदानाकडे बघितलं. पोरं खेळत होती.

"त्याच्याकडून बोलनारं कुनी नव्हतंच का, सर? एकबी?"

"नाही," मी म्हणालो.

ते शहर माझ्या ओठावर होतं. दप्तरातली ती ओळ मला पाठ होती. मी नाही म्हणालो. आप्पांनी मान हलवली, टोपी घातली. "बरं. इचारावं म्हनलं. तुम्ही शिकलेले," म्हणाले आणि गेले.

तुम्ही म्हणाल, सभेतलं बोलणं मोठं पाप, किंवा पत्र दाबलं ते मोठं. मीही मोजून बघितलंय. मला ती पायरी दिसते. एका माणसाला, तो अगदी एकटा पडलेला असताना, मी सांगितलं की तुझ्यासारख्याच्या बाजूनं जगात कधीच कुणी उभं राहिलं नव्हतं. आणि ते खोटं होतं.

आप्पा पडले. घरच्या वाड्यावस्तीची मतंसुद्धा फुटली. माझ्या प्रस्तावावर सही झाली. मी पेढे वाटले. निवडणूक झाली, आता तरी सांगायचं ना? पण आता पत्रावरची तारीख होती. पत्र कधी आलं आणि विहीर कधी उपसली, हे ज्याला बोटं मोजता येतात त्याला कळलं असतं. एका दुपारी शाळेच्या मैदानात पालापाचोळा पेटवला होता, त्यात मी ते टाकलं. फाल्गुनात दुसरं पत्र आलं. आप्पा, तुम्ही कळवलं न्हाई, लईच रागावला काय? तेही टाकलं. त्याला उत्तर लिहिलं नाही. तिसरं आलं नाही. निवडणूक झाली की येतो म्हणालेली पोरं, चुलत्यानं तोडलं असं समजून, तिकडेच राहिली.

पाच वर्षं गेली. आप्पांची बायको त्यातल्या तिसऱ्या वर्षी वारली. पोरांना बघितल्याशिवाय. हे वाक्य मी इतकं सरळ बोलू शकलो याचं मलाच नवल वाटतंय. आप्पा मळ्यातच राहायला गेले. गावात यायचे ते रेशनला आणि दळणाला. त्यांच्या मळ्याला रिच्याडचा मळा म्हणू लागले. एस.टी.चा कंडक्टरसुद्धा विचारायचा, रिच्याडच्या मळ्यावर कोण उतरणार? त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. नवीन पोरांना तर तो आप्पांच्या आडनावासारखाच एक शब्द वाटायचा.

मग आमच्या गावचा एक ट्रक ड्रायव्हर सुरतेला गेला होता, त्याला चहाच्या टपरीवर सुदाम भेटला. ड्रायव्हर भूत बघितल्यासारखा उभा राहिला म्हणे. त्यानं सगळं सांगितलं. सुदाम तसाच, अंगावरच्या कपड्यानिशी, मिळेल त्या गाडीनं निघाला.

आप्पांनी त्याला बघून काय केलं ते मी पाहिलं नाही. पुढचं पाहिलं. भर दुपारी त्यांनी सुदामचा हात धरला — चांगला सव्वीस-सत्तावीसचा बाप्या, त्याचा हात लहान पोराचा धरावा तसा धरला — आणि गावात आले. प्रत्येक दारासमोर थांबले. कुणाला शिवी नाही, टोमणा नाही. दोनच शब्द: "हा बघा." पुढच्या दाराला पुन्हा, "हा बघा." बापूसाहेबांच्या दाराला. चावडीला. शेवटी माझ्या दाराला.

"सर, हा बघा सुदाम."

मी 'या, बसा' म्हणालो. बायकोनं पाणी आणलं. सुदाम वाकून पाया पडला आणि उठता उठता म्हणाला, "सर, दोन पत्रं टाकली व्हती शाळंच्या पत्त्यावर. मिळाली न्हाईत व्हय?"

बायको दारातच उभी होती. आप्पा माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसते बघत होते.

"नाही रे," मी म्हणालो. "एकही नाही."

आणि दौंडचा फलाट? त्यानं तो विषय काढला नाही. आठवत नव्हता, की मुद्दाम काढला नाही? आप्पांनी पाणी पिऊन फुलपात्र खाली ठेवलं. "पोष्टाचं काय खरं हाय," म्हणाले, "चल." गेले. त्यांना कळलं होतं का? मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. कळलं असेल तर त्यांनी मला सोडून दिलं. नसेल कळलं तर मी त्यांना दुसऱ्यांदा फसवलं. दोन्हींतलं कुठलं बरं, हे मला ठरवता आलं नाही, आणि आता ठरवावंसंही वाटत नाही.

गावाला वाटलं असेल ना शरमेसारखं? थोडे दिवस वाटलं. मग लोक म्हणू लागले, मारली नसतील, पण चुलत्याच्या धाकानंच पळाली होती की! धूर दिसला म्हणजे काहीतरी जळत असणार, असं माणसाला वाटतंच. धूर कुणी केला ते कोण बघतं? रिच्याडचा मळा हे नाव काही पुसलं नाही. चार वर्षांनी आप्पा गेले, झोपेतच. दशक्रियेला घाटावर श्रद्धांजलीची भाषणं झाली. मला बोलायला लावलं. मी आप्पांच्या कष्टांवर बोललो, साधेपणावर बोललो. 'गैरसमजाचे दिवस त्यांनी शांतपणे सोसले' असं म्हणालो. गैरसमज! लोकांनी माना हलवल्या. बाळू सुरतेहून आला होता, तो रडला. भाषण चांगलं झालं, असं मला चौघांनी सांगितलं.

तेव्हाही म्हणता आलं असतं. माईक हातात होता, अख्खा गाव पुढं बसला होता. नाही म्हटलं.

आता मी रिटायर झालोय. सुदाम गावातच असतो, बायको-मुलं आहेत, ऊस आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यानं फाट्यावर एस.टी.साठी निवारा बांधला, आप्पांच्या नावानं. दगडाच्या पाटीवरचा मजकूर कागदावर लिहून तो सकाळी माझ्याकडे आला.

"सर, एकदा नजर टाकता का? दगडात कोरायचंय. चूक ऱ्हायला नको."

मी चष्मा लावला. आप्पांचं पूर्ण नाव, गाव, आणि खाली — यांच्या स्मृतीप्रित्यर्थ. दोन वेलांट्या चुकल्या होत्या. पेन घेऊन मी त्या नीट केल्या आणि कागद त्याच्या हातात दिला.

"बाकी सगळं बरोबर आहे," मी म्हणालो.